जूनमधली वेव्ह सप्टेंबरबद्दल काय सांगते

आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून मेपासून नोव्हेंबरपर्यंत दर तीन-चार दिवसांनी एक ट्रॉपिकल वेव्ह, म्हणजे जिच्यातून पुढे वादळ उठू शकतं अशी हवेतली लाट, अटलांटिकमध्ये उतरते. वर्षाकाठी साधारण ६०. हरिकेनांनी, म्हणजे अटलांटिकमधल्या चक्रीवादळांनी, झोडपलेलं वर्ष असो की सुकं गेलेलं, या आकड्याचा आणि वादळांचा ताळमेळ बसत नाही. तेव्हा ‘यंदा वेव्ह लवकर सुरू झाल्या’, ‘यंदा जरा जास्तच येताहेत’ असं कुणी सांगायला लागलं, तर मान डोलवावी आणि आपल्या कामाला लागावं. बघायचं असतं ते वेगळंच. जी वेव्ह नेहमीच्या हिशेबाने मरायला हवी, ती मरते का?

जूनमध्ये आफ्रिका आणि कॅरिबियन बेटं यांच्या मधल्या समुद्रात वेव्हला जगण्यासारखं फारसं काही नसतं. पाणी पुरेसं तापलेलं नसतं, उत्तरेकडून सहाराची कोरडी हवा घुसलेली असते आणि वरच्या थरातला वारा ढगांची डोकी छाटत असतो. अशा ठिकाणी एखादी वेव्ह नुसती टिकून राहिली, तरी सप्टेंबरात त्याच वाटेने येणाऱ्यांना किती मोकळं रान मिळणार आहे याचा अंदाज येतो. वादळांच्या सीझनची चाहूल लागते ती इथे.

माझी बरीचशी नोकरी तेलवाहू जहाजांवर गेली. नायजेरियात बॉनीला कच्चं तेल भरायचं आणि टेक्ससच्या किनाऱ्यावर उतरवायचं, ही ठरलेली वाट. भरलेलं जहाज १३-१४ नॉटांनी (तासाला तितके सागरी मैल) पश्चिमेला चालतं आणि वेव्ह चालते १५ नॉटांच्या आसपास. म्हणजे मागून आलेली वेव्ह एकदा डोक्यावर बसली की पुढे निघून जायला दिवसच्या दिवस लावते. तिचा स्वभाव कळायला याहून बरी जागा नाही. सेकंड ऑफिसर म्हणून हवामानाचे चार्ट माझ्याकडे असत, तेव्हा लागलेली सवय आता ब्रिज, म्हणजे जहाज चालवायची खोली, सुटला तरी सुटलेली नाही. उपग्रहाची चित्रं घरबसल्या फुकट मिळतात, त्यामुळे काम उलट सोपं झालंय.

वेव्ह ओळखायची कशी

ही लाट पाण्यातली नव्हे, हवेतली. उन्हाळ्यात सहारा भाजून निघतो आणि त्याच्या दक्षिणेला गिनीच्या आखाताकडचा मुलूख पावसामुळे त्या मानाने थंड राहतो. या तफावतीमुळे जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून पश्चिमेकडे धावणारा वाऱ्याचा झोत तयार होतो. तो सरळ वाहत नाही, नागमोडी होतो. सुदानमधले दारफूरचे डोंगर, इथिओपियाचं पठार इथे उठणारे गडगडाटी ढग त्या वळणांना धक्के देत राहतात, आणि एकेक वळण नायजर, माली, सेनेगल ओलांडून किनाऱ्याला येतं. एका वळणापासून दुसऱ्यापर्यंत दोन-अडीच हजार किलोमीटर. नकाशावर कमी दाबाच्या पट्ट्यातून एक उत्तर-दक्षिण रेघ ओढलेली असते, तो वेव्हचा अक्ष. अटलांटिकमधल्या साध्या वादळांपैकी आणि छोट्या हरिकेनांपैकी सुमारे ६० टक्के यातून जन्मतात. वाऱ्याच्या वेगावरून हरिकेनांच्या पाच श्रेणी करतात; तिसऱ्या श्रेणीपासून वरची जी मोठी हरिकेनं, त्यांतली जवळजवळ ८५ टक्के.

समुद्रावर अक्ष यायच्या आधी वारा ईशान्येचा असतो आणि आकाश बऱ्यापैकी मोकळं. अक्ष गेला की वारा आग्नेयेला फिरतो आणि सरींवर सरी सुरू होतात. नवखा माणूस मोकळं आकाश बघून निर्धास्त होतो आणि पाऊस लागल्यावर ‘वेव्ह आली’ म्हणतो. तोवर निम्मी वेव्ह त्याला ओलांडून गेलेली असते.

एक गोष्ट मात्र पक्की धरून ठेवा: साध्या वेव्हमध्ये पश्चिमेचा वारा नसतो. ईशान्य, पूर्व, आग्नेय, बस. अक्षाच्या दक्षिणेला एखाद्या जहाजाने, तरंगत्या बॉयने किंवा उपग्रहावरच्या स्कॅटरोमीटरने (समुद्रावरचा वारा मोजणारं यंत्र) पश्चिमेकडून येणारा वारा दाखवला, तर खालची हवा पूर्ण गोल फिरायला लागली आहे असं समजायचं. तिथून पुढे डिप्रेशन, मग नाव मिळालेलं वादळ. ढग कितीही अक्राळविक्राळ दिसू देत, पश्चिमेचा वारा नाही तोवर ती वेव्हच. मी स्कॅटरोमीटरचा नकाशा उघडला की आधी तेवढाच बाण शोधतो, बाकीचं नंतर.

रोज एक ओळ

मायामीचं नॅशनल हरिकेन सेंटर दोन प्रकारची माहिती देतं. एक रंगीत नकाशा, ट्रॉपिकल वेदर आउटलुक. पुढच्या सात दिवसांत वादळ तयार व्हायची शक्यता ४० टक्क्यांच्या खाली असेल तर पिवळा, ४० ते ६० नारिंगी, त्याच्यावर लाल. पूर्वी हा नकाशा पाच दिवसांचा असे, २०२३ पासून सातचा झाला. सगळे तोच बघतात. दुसरी गोष्ट ट्रॉपिकल वेदर डिस्कशन, दिवसातून चार वेळा येणारा नुसता मजकूर, चित्र नाही, रंग नाही. खरा माल त्यात आहे. समुद्रावर त्या घटकेला जितक्या वेव्ह आहेत, त्या प्रत्येकीचा अक्ष कुठल्या रेखांशावर, उत्तरेला कुठल्या अक्षांशापर्यंत, किती नॉटांनी चालली आहे आणि तिच्याभोवती पाऊस किती, हे एकेका परिच्छेदात लिहिलेलं असतं.

एक वही घ्या आणि रोज एकाच वेळच्या पत्रकावरून दर वेव्हमागे एक ओळ लिहा. मी १२०५ यूटीसीचं (जागतिक प्रमाणवेळ) धरतो. अक्षाचा रेखांश, उत्तर टोक, वेग, आणि पावसासाठी त्यांनी वापरलेला शब्द. ‘आयसोलेटेड’ म्हणजे तुरळक, ‘स्कॅटर्ड’ म्हणजे विखुरलेला, ‘न्यूमरस’, म्हणजे पुष्कळ, आलं की पेन्सिलने खूण करा. पाऊस अक्षाला चिकटून आहे की ढग फक्त दक्षिणेला, जिथे दोन्ही गोलार्धांचे व्यापारी वारे भेटतात त्या पट्ट्यात आहेत, हेही टिपा. त्या पट्ट्यात बारा महिने ढग असतात. वेव्ह त्यावरून जाताना तो थोडा फुगतो, आणि ती वेव्हची ताकद धरायची नसते.

हिशेब सोपा आहे. १५ नॉटांनी २४ तासांत ३६० सागरी मैल, म्हणजे त्या अक्षांशावर रोज साधारण ६ रेखांश. डाकार १७ पश्चिमेला, बार्बाडोस ६० च्या अलीकडे. किनारा सोडलेली वेव्ह आठवडाभरात बार्बाडोसला. तुमच्या वहीतली वेव्ह एका दिवसात १०-१२ अंश पुढे गेलेली दिसली, तर ती पळालेली नाही. पत्रक लिहिणाऱ्याने नवी निरीक्षणं बघून अक्ष दुसरीकडे ठरवलाय. असं वरचेवर होतं. धूसर, ढग नसलेल्या वेव्हचा अक्ष हा शेवटी माणसाचा निर्णय असतो, आणि त्यात त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

आठवड्याभराच्या नोंदी झाल्या की आलेखाच्या कागदावर आडवे रेखांश आणि वरून खाली तारखा मांडून ठिपके जोडा. तिरप्या रेघा दिसतील. अर्नेस्ट होव्मोलर यांनी १९४९ मध्ये मांडलेली आकृती ती हीच, आणि मायामीतले लोकही अक्ष जुळवायला तिचाच आधार घेतात. या कागदावर मी रेघेचा उतार बघतो. २० नॉटांहून जोरात धावणारी वेव्ह सहसा काही करत नाही, कारण खालची हवा पुढे आणि गडगडाटी ढग मागे अशी तिची फाटाफूट होते. उतार बदलून वेव्ह १०-१२ नॉटांवर आली, की तिच्याकडे खुर्ची ओढून बसावं.

बॅरोमीटरला कालची वेळ विचारा

बेटावर राहत असाल किंवा बोटीवर असाल, तर हे तुमच्यासाठी. बाकीच्यांनी गंमत म्हणून वाचायला हरकत नाही.

उष्ण कटिबंधात हवेचा दाब रोज दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमाराला वर, पहाटे चार आणि दुपारी चारच्या सुमाराला खाली. हा चढउतार तीनेक हेक्टोपास्कलचा (हवेचा दाब मोजायचं एकक) असतो. आणि साध्या वेव्हमुळे पडणारा दाब? एक ते दोन. म्हणजे वेव्हची खूण रोजच्या भरती-ओहोटीत बुडून जाते. दुपारी दाब उतरलेला बघून घाबरणारा माणूस रोज दुपारी घाबरेल.

माझ्या पहिल्या चीफ ऑफिसरचा यावर एक ठेका होता. वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, बदलताना तो बॅरोमीटरच्या काचेवर टिचकी मारून विचारायचा, “काल या वेळेला कुठे होतास रे?” त्यातच सगळं आलं. आत्ताचा दाब मघाच्या दाबाशी ताडून बघायचा नाही, कालच्या याच वेळेच्या दाबाशी ताडायचा. समजा काल सकाळी दहाला १०१५.२ होता आणि आज १०१५.० आहे, काही नाही. काल दुपारी चारला १०१२.१ होता आणि आज १०१०.३, रोजचा उतार दोन्ही दिवशी सारखाच, तेव्हा तो वजा झाला, आणि उरले १.८. हा वेव्हचा. रात्री दहालाही दीड-दोनचाच फरक असेल आणि वारा ईशान्येवरून पूर्वेकडे सरकला असेल, तर अक्ष जवळ आलाय. मग फरक कमी होत जाईल, वारा आग्नेयेला जाईल, पाऊस येईल.

ही युक्ती काही त्याच्या घरची नव्हे. गॉर्डन डन यांनी १९४० मध्ये कॅरिबियन बेटांवरच्या केंद्रांचे असेच २४ तासांतले फरक नकाशावर मांडले आणि घटलेल्या दाबाचे पट्टे पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दाखवले. पुढे १९४५ मध्ये हर्बर्ट रील यांनी त्यावरून वेव्हचं शास्त्रीय चित्र उभं केलं. उपग्रह नव्हते, आफ्रिकेहून काय निघालंय हे दिसायची सोय नव्हती, तेव्हाची ही गोष्ट आहे.

दर्यावर्दी मंडळींना पुढचं तोंडपाठ असतं, तरी लिहितो. रोजचा चढउतार वजा करून दाब त्या महिन्याच्या सरासरीपेक्षा ३ हेक्टोपास्कलने खाली आला, तर संशय घ्यायचा. ५ ने आला तर संशय उरत नाही, जवळ वादळ आहे, जहाज वळवायचं.

चित्रात काय बघावं

आफ्रिकेवरचे ढग बघायला युरोपचा मेटिओसॅट आणि समुद्र ओलांडताना अमेरिकेचा गोज-ईस्ट. इन्फ्रारेड चित्रात वेव्हचे ढग कधी कधी उलट्या व्ही अक्षरासारखे दिसतात. नील फ्रँक यांनी १९६० च्या दशकात उपग्रहाच्या पहिल्या चित्रांवरून ही ठेवण दाखवली होती. सुरुवातीला हा आकार शोधण्यात वेळ घालवू नका, दहांतल्या नऊ वेव्ह इतक्या सुबक नसतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती किनाऱ्यावर. सेनेगल-गिनीवरून उतरताना वेव्हबरोबर जमिनीवरचे प्रचंड गडगडाटी ढग असतात आणि चित्रात ती आग लागल्यासारखी लालभडक दिसते. लोक चित्रं एकमेकांना पाठवायला लागतात. दुसऱ्या दिवशी तिथे काही नसतं. दूध उतू जावं आणि गॅस बंद केल्यावर खाली बसावं तसं ते बसतं, कारण खालची तापलेली जमीन संपली आणि जूनमधलं ते पाणी तितकं गरम नाही. वादळाला पाणी किमान २६.५ अंश सेल्सियसच्या आसपास तरी लागतं. म्हणून वेव्ह ३० पश्चिमेच्या पलीकडे जाईपर्यंत मी तिच्याबद्दल मतच बनवत नाही. तिथवर दोन रात्री समुद्रावर काढून ढग शिल्लक असतील, तर पुढचं.

आणि चित्र कुठल्या वेळेचं आहे ते बघा. खुल्या समुद्रावर ढग पहाटे जोर धरतात आणि दुपारी ओसरतात. पहाटेचं एकच चित्र बघून वेव्ह वाढली म्हणणं, किंवा दुपारचं बघून ती मेली म्हणणं, दोन्ही फुकट. पहाटेचं आजचं चित्र पहाटेच्या कालच्या शेजारी ठेवा, दुपारचं दुपारच्या. जी वेव्ह दुपारीही ढग धरून ठेवते, आणि ते ढग रोज त्याच जागी, अक्षापाशी उठतात, ती वेगळी. ब्रिजवर बारा ते चारची वॉच दुपारची आणि रात्रीची अशी दोन्ही असते. त्यामुळे हा फरक मला डोळ्यांनीच शिकवला. उत्तररात्री विजांनी उजळलेलं आकाश, आणि दुपारी त्याच ढगांच्या जागी नुसता वरचा पातळ पडदा.

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या सिम्स या संस्थेचं हवेतल्या एकूण पाण्याचं चलच्चित्र मिळतं, ते रोज बघण्यासारखं आहे. ढग नसतानाही ओलाव्याची गाठ सावकाश वळताना त्यात दिसते. कोरड्या हवेची जीभ त्या गाठीत शिरली की वेव्हचं काही खरं नाही. ओलाव्याची गाठ चहूबाजूंनी शाबूत ठेवून ५० पश्चिमेपर्यंत पोचलेली जूनमधली वेव्ह दिसली, तर वहीत तारांकित करा.

धूळ

सहाराची धूळ समुद्रावर येते ती साधारण दीड ते सहा किलोमीटर उंचीच्या थरातून. हवा गरम, कोरडी आणि जोरात वाहणारी, तिन्ही गोष्टी वेव्हच्या मुळावर येणाऱ्या. तिचा जोर जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आणि लोंढे येतात दर तीन ते पाच दिवसांनी, बऱ्याचदा वेव्हच्या मागोमाग. जहाजावर ती आधी कळते ती क्षितिज पुसट झाल्यामुळे. सूर्य मावळण्याच्या बराच आधी फिकट पांढरा होतो, त्याच्याकडे सरळ बघता येतं. मग ब्रिजच्या काचांवर तांबूस पूड बसते आणि पाऊस आला की तिचे ओघळ खाली उतरतात.

पण धुळीवरून सीझनचा निकाल लावू नका. जून २०२० मध्ये कॅरिबियनवर इतका दाट लोंढा आला की बेटांवरचं आकाश दिवसाढवळ्या मातकट झालं. ‘या वर्षी वादळं होणार नाहीत’ असं म्हणणारे कमी नव्हते. त्या वर्षी नाव मिळालेली वादळं झाली ३०. जूनमधली धूळ जूनमधल्या वेव्हला मारते, सप्टेंबरच्या वेव्हला नाही. खूण कुठली, तर जुलै संपत आला तरी लोंढ्यांचा जोर ओसरत नाही ही. आणि त्याच्या उलट, धुळीतून वाट काढून जूनमध्येच वेव्ह जगली, तर ती त्याहून मोठी खूण.

वरच्या थरातला वारा

याबद्दल थोडक्यात. समुद्राजवळचा वारा आणि बारा किलोमीटर उंचीवरचा वारा यांतली तफावत २० नॉटांच्या वर असेल तर उभा राहणारा ढग तिरपा होऊन मोडतो. तफावतीचे नकाशे सिम्सकडेच मिळतात. एल निन्योच्या वर्षी (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापतं) कॅरिबियन आणि पश्चिम अटलांटिकवर ही तफावत वाढते, ला निन्याच्या वर्षी (तेच पाणी थंड होतं) घटते. त्यामुळे मे महिन्यात प्रशांत महासागराची स्थिती वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

पूर्व आणि मध्य कॅरिबियनचा वेगळा उल्लेख करायला हवा. जून-जुलैत तिथे खालचा व्यापारी वारा इतका पळतो की चांगल्या वेव्ह तिथे विरून जातात आणि पश्चिम कॅरिबियनमध्ये पुन्हा डोकं वर काढतात. म्हणून विरलेली वेव्ह वहीतून खोडायची नसते, तिची रेघ पुढे चालवायची. ऑगस्ट २०१७ मध्ये हार्वे हे नाव मिळालेलं वादळ असंच कॅरिबियनमध्ये मोडून पुन्हा साधी वेव्ह झालं होतं. ती वेव्ह युकातान ओलांडून मेक्सिकोच्या आखातात गेली, आणि २५ ऑगस्टला टेक्ससवर चौथ्या श्रेणीचं हरिकेन आदळलं.

मग निष्कर्ष कसा काढायचा

वहीत एक चौकट आखून घ्या: १० ते २० उत्तर अक्षांश, आफ्रिकेपासून कॅरिबियन बेटांपर्यंत. जून आणि जुलैत या चौकटीत काय घडलं, तेवढ्यावर लक्ष. आखातात किंवा अमेरिकेच्या किनाऱ्याजवळ जूनमध्ये एखादं वादळ झालं, तर त्यावरून काही ठरत नाही. ती बहुधा जुन्या शीत सीमांच्या शेपटांवर होतात, वेव्हशी संबंध थोडा. चौकटीत झालं तर मात्र कान टवकारा.

२०१७ मध्ये १९ जूनला त्रिनिदादजवळ ब्रेट हे वादळ झालं, आणि त्या वर्षी हार्वे, अर्मा, मारिया ही मोठी हरिकेनं. २०२३ मध्ये जूनमध्येच ब्रेट आणि सिंडी अशी दोन वादळं या चौकटीत झाली, आधी कधी नोंद नसलेली गोष्ट. जोरदार एल निन्यो असूनही वर्षाअखेर वादळांचा आकडा २० झाला. २०२४ चं बेरिल तर धडाच. २८ जूनला डिप्रेशन, दुसऱ्या दिवशी हरिकेन, १ जुलैला कॅरियाकू बेटावर चौथी श्रेणी, २ जुलैला पाचवी. इतक्या लवकर पाचवी श्रेणी अटलांटिकमध्ये त्याआधी कधी झाली नव्हती.

आता उलट बाजू, कारण ही खूण रामबाण नाही. २०१३ च्या जुलैत या चौकटीत शांताल आणि डोरियन अशी दोन वादळं झाली. हिशेबाने ते वर्ष भयंकर जायला हवं होतं. गेलं काय? दोन हरिकेनं, दोन्ही पहिल्या श्रेणीची, मोठं एकही नाही. त्या जुलैकडे नीट पाहिलं तर फरक दिसतो. शांताल इतक्या वेगाने पळत होतं की त्याला स्वतःचा भोवरा बांधून ठेवता येईना, आणि डोरियन कोरड्या हवेत झिजत गेलं. बेरिल मात्र रोज गोळाबेरीज वाढवत होतं. नाव मिळालं की नाही यापेक्षा कसं जगलं ते बघायचं, असं मी म्हणतो ते यामुळे.

बेरिलच्या वर्षातच दुसरा इशाराही आहे. १२ ऑगस्टला अर्नेस्तो झालं आणि त्यानंतर ९ सप्टेंबरला फ्रान्सीनला नाव मिळेपर्यंत एकही नवं वादळ नाही, ते ऐन भराच्या दिवसांत. आफ्रिकेवरचा पावसाचा पट्टा नेहमीपेक्षा उत्तरेला सरकला होता, वेव्ह फार वरून समुद्रात उतरत होत्या आणि थेट कोरड्या हवेत, थंड पाण्यावर जात होत्या. म्हणून उत्तर टोकाबरोबरच वेव्हचा मुख्य भोवरा कुठल्या अक्षांशावरून किनारा सोडतो तेही लिहा. १० ते १४ असेल तर काळजीचं. १८-२० असेल तर ती वेव्ह बहुतेक वाया. तरी त्या वर्षी पुढे हेलीन आणि मिल्टन ही हरिकेनं आलीच, आणि हेलीन आफ्रिकेहून सरळ आलेल्या वेव्हमधून नव्हे, मध्य अमेरिकेजवळच्या मोठ्या भोवऱ्यातून उठलं. वहीला जे दिसत नाही, तेही घडतं.

तसंच, शांत सीझन म्हणजे सुरक्षित किनारा नव्हे. १९९२ मध्ये नाव मिळालेली वादळं जेमतेम सहा. त्यांतलं पहिलं अँड्र्यू, १४ ऑगस्टला आफ्रिका सोडलेली एक वेव्ह, आणि दहा दिवसांनी दक्षिण फ्लोरिडात पाचव्या श्रेणीचं हरिकेन. त्या वर्षी जुलैअखेर कुणाच्याही वहीत ठळक काही नसणार. बेटांवर किंवा किनाऱ्यावर राहत असाल तर घर कधी सोडायचं हे अशा वहीवरून ठरवायचं नाही. स्थानिक प्रशासनाने सांगितलं की निघायचं.

जुलैच्या ३१ तारखेला मी पान उलटून चारच गोष्टी लिहितो. चौकटीत ओलावा शाबूत ठेवून ५० पश्चिम ओलांडलेल्या वेव्ह किती. त्यांतल्या किती दुपारीही ढग धरून होत्या. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात धुळीचा जोर. आणि सरासरी वेग. मागच्या वर्षांची पानं शेजारी ठेवली की बाकीचं आपोआप कळतं. पहिल्या वर्षी तुमच्याकडे शेजारी ठेवायला पान नसेल. त्यासाठी जुन्या सीझनची पत्रकं सेंटरच्या संग्रहात आहेत. २०१३ आणि २०२४ चे जून-जुलै आधी उतरवून काढा, दोन टोकं हाताशी येतील.

१० सप्टेंबरला सीझनचा कळस धरतात. त्यानंतर आफ्रिकेजवळची वादळं कमी होत जातात, पण वेव्ह येत राहतात आणि ऑक्टोबरात त्यांचं काम पश्चिम कॅरिबियनमध्ये, ८० पश्चिमेच्या आसपास होतं, जिथे पाणी अजून खोलवर तापलेलं असतं. तेव्हा आलेखाचा कागद डाव्या बाजूला वाढवून घ्या आणि वही नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चालू ठेवा.